लोखंडाच्या पैशावरचा फुटबॉल

फुटबॉल या विषयावर एखाद्या धर्मगुरूने लेखणी उचलावी याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हा खेळ रुजविण्यात एका धर्मगुरूचाच हात होता. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक ब्रिटिश धर्मगुरू १८८३ साली प्रकृती सुधारावी म्हणून गोव्यातील शिवोली येथे येऊन राहिले. हवापालटासाठी आलेला मनुष्य सहसा आरामखुर्चीत बसून समुद्राकडे पाहत राहतो. या फादरांनी गावची मुले जमविली आणि त्यांना चेंडू खेळायला शिकविले. पुढे हडफडे येथे त्यांनी शाळा काढली, आणि तेथे हा खेळ शिक्षणाचाच एक भाग होऊन बसला. २०१२ साली गोवा सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली, तेव्हा या आजारी पाहुण्याची आठवण किती जणांना झाली असेल कोण जाणे!

पण मला आज सांगायची आहे ती कथा लायन्स फादरांची नाही. ती एका क्लबची आहे, आणि तिच्या मुळाशी लोखंड आहे. गोव्यातील क्लबाची कथा चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात बसून का लिहावीशी वाटली, याचे कारणही लोखंडच आहे.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून २०१६ पासून लोहखनिज निघू लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी तेथील सत्तरहून अधिक वाहने जाळली, काम थांबले, आणि २०२१ पासून ते पुन्हा जोरात सुरू झाले. ज्या डोंगरावर माडिया बांधव ठाकूरदेवाची यात्रा भरवितात, त्याच डोंगराचा तांबडा दगड आता ट्रकांतून आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने घुग्गुसकडे आणि कोनसरीकडे जातो. रस्त्याकडेच्या सागाच्या पानांवर उन्हाळ्यात तांबडा थर बसतो. मोहफुले वेचणाऱ्या बायका टोपलीत घालण्यापूर्वी फुले झटकून घेतात. इकडे नव्याने आलेल्या माणसाला हे सारे विचित्र वाटते. मला मात्र ती धूळ लहानपणापासून ओळखीची आहे. माझे बालपण सावंतवाडीकडचे. आमचे मामा डिचोलीजवळच्या एका खाणीवर नोकरीला होते, आणि सणासुदीला घरी आले की त्यांच्या सदऱ्याच्या शिवणीतून हीच धूळ निघत असे. आजी ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. मामांच्या पिशवीत पाव, सुके बांगडे आणि फुटबॉलच्या बातम्यांनी भरलेली वर्तमानपत्रे असत. डेंपो, साळगावकर, वास्को ही नावे मी अशी, धुळीच्या वासासकट शिकलो.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या खनिजाला जपानमध्ये मोठे गिऱ्हाईक मिळाले. मांडवी आणि जुवारीच्या पात्रांतून खनिजाचे बार्ज मुरगाव बंदराकडे जाऊ लागले, आणि पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या दशकात काही घराण्यांच्या हाती भरपूर पैसा आला. पैसेवाला माणूस काय करतो? देऊळ बांधतो, बंगला बांधतो, मुलांना परदेशी पाठवितो. गोव्यातल्या खाणमालकांनी हे सारे केलेच, पण त्याशिवाय त्यांनी फुटबॉलचे संघ पोसले. साळगावकर क्लब १९५६ साली वास्को येथे निघाला. डेंपोंचा क्लब साठच्या दशकात डिचोलीकडच्या एका जुन्या क्लबाच्या मुळावर उभा राहिला. त्यामागे वसंतराव डेंपो यांचे पाठबळ होते. सेसा या खाण कंपनीने १९९९ साली मुलांसाठी फुटबॉल अकादमी काढली. खाणीच्या कचेरीत नोकरी आणि संध्याकाळी मैदानात सराव, असा कितीतरी खेळाडूंचा संसार चालला.

येथे आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट नमूद करतो. हे मालक बहुधा हिंदू सारस्वत, आणि मैदानातील कितीतरी पोरे सासष्टी-बारदेशातल्या ख्रिस्ती वाड्यांवरची. साळगावकर क्लबाच्या गोलाची राखण ब्रह्मानंद शंखवाळकरांनी केली, तर पुढे त्याच क्लबासाठी ब्रुनो कुतिन्यो गोल करीत राहिला. डेंपोच्या संघात समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही नावे एका ओळीत छापून येत. सामन्याच्या वेळी प्रेक्षकांत कोण चर्चमधून आला आणि कोण देवळातून, हे कुणी विचारीत नसे. परस्परसौहार्दावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत आणि थोडीफार दिलीही आहेत. फातोर्ड्याच्या प्रेक्षागारात ते काम प्रवचनाशिवाय होत असे.

डेंपो क्लबाने १९७८ आणि १९७९ या लागोपाठच्या वर्षी मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली. १८९१ पासून चालत आलेली ही स्पर्धा कूपरेजच्या मैदानावर होत असे, आणि कलकत्त्याच्या मोठ्या संघांना तिचा विशेष सोस. त्यांच्या हातून तो चषक गोव्यात आला, तेव्हा आमच्या मामांनी सावंतवाडीत पेढे वाटले. खाणीवरच्या एका कारकुनाने मालकाच्या संघासाठी पदरमोड करावी, हे आमच्या आजीला मुळीच पटले नव्हते. मामा मात्र ‘मालकाचा संघ’ असे कधी म्हणाले नाहीत. ते ‘आमचा डेंपो’ म्हणत.

पुढे मी नागपूरला सेमिनरीत आलो. तेथे संध्याकाळी खेळ सक्तीचा होता आणि गोव्याचे ब्रदर्स आम्हा बाकीच्यांना धूळ चारीत. देशात १९९६ पासून राष्ट्रीय लीग सुरू झाली. १९९८-९९ च्या हंगामात साळगावकरांनी ती जिंकली आणि गोव्यात प्रथमच हा मान आला. डेंपोचे दिवस त्यानंतर उगवले. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांनी शांतपणे, वर्षामागून वर्षे खपून तो संघ घडविला. (याच कुलासोंना २०२४ सालासाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. फळ उशिरा आले, पण आले.)

त्या संघाची कीर्ती सांगण्यापूर्वी एका मृत्यूविषयी लिहिले पाहिजे.

क्रिस्तियानो ज्युनियर हा ब्राझीलचा पंचविशीतला तरुण. आधी कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला, मग डेंपोकडे आला. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. क्रिस्तियानोने पहिला गोल केला. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना तो पुन्हा चेंडू घेऊन आत घुसला, गोलरक्षक पुढे धावला, दोघांची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि क्रिस्तियानो खाली कोसळला तो पुन्हा उठला नाही. मैदानावर तातडीच्या उपचारांची सोय अपुरी होती, यावर पुढे देशभर टीका झाली. डेंपोने दोन विरुद्ध शून्य असा चषक जिंकला. दोन्ही गोल त्याचेच होते. डेंपोने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा कायमचा उतरवून ठेवला.

ही हकीकत मी एकदा आमच्या वसतिगृहातील मुलांना सांगितली. बहुतेक मुले एटापल्ली, भामरागडकडची. चेंडू चांगला खेळतात, पण टीव्हीवर सामना पाहण्याचे भाग्य त्यांना अलीकडेच लाभलेले. बराच वेळ कोणी बोलेना. मग एका बारक्या मुलाने विचारले, “फादर, थो मेला तरी गोल धरला का?” मी म्हणालो, “धरला रे.” त्याने मान हलविली आणि त्याचे समाधान झाले. मला मात्र त्या प्रश्नाने बरेच दिवस सोडले नाही. अशा मृत्यूसमोर आपण देवाच्या इच्छेची भाषा फार लवकर वापरतो. मुलगा केवळ एवढेच पाहत होता, की त्या माणसाचे शेवटचे काम हिशेबात आले की नाही.

त्याच हंगामात डेंपोने राष्ट्रीय लीग प्रथमच जिंकली. पुढे २००६-०७ ची लीग, २००७-०८ ची पहिली आय-लीग, मग २००९-१० आणि २०११-१२. म्हणजे आठ हंगामांत पाच वेळा देशाचे अजिंक्यपद. २००८ साली आशियाई क्लबांच्या एएफसी चषकात हा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०११-१२ मध्ये नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सने एकट्याने ३२ गोल केले. ज्या गोव्यात एवढीशी लोकवस्ती, तेथल्या एका क्लबाने कलकत्त्यासारख्या महानगराच्या क्लबांना असे मागे टाकावे, ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. मामा तोवर निवृत्त होऊन गावी आले होते. त्यांना नीट ऐकू येत नसे, म्हणून निकाल त्यांना कागदावर लिहून दाखवावा लागे.

आता उतरंड. डेंपो समूहाने २००९ साली आपला खाणव्यवसाय सुमारे १,७५० कोटी रुपयांना सेसा गोवा कंपनीला विकला. २०१२ मध्ये शाह आयोगाचा अहवाल आला, गोव्यातील खाणी आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या, २०१४ मध्ये मर्यादा घालून त्या उघडल्या आणि २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द होऊन पुन्हा बंद पडल्या. बार्ज नदीकाठी गंजत उभे राहिले. खाणीचा पैसा आटला म्हणून डेंपो क्लब आटला, असे मात्र म्हणता येणार नाही. घराण्याचे इतर उद्योग होते, आणि क्लबही त्यांनी चालविला. २०१५ साली संघ आय-लीगमधून खाली उतरला. यातही लाजिरवाणे काही नाही. खालच्या वर्गात जाऊन २०१६ मध्ये त्याने ती स्पर्धा जिंकली आणि वर येण्याचा हक्क मिळविला. संघ पडला, उठला. खेळात याहून चांगले काय असते?

पण तो वर आला तेव्हा वरचा मजला दुसऱ्याच कोणाच्या नावावर झालेला होता. भारतीय महासंघाने २०१० च्या डिसेंबरात एका व्यापारी कंपनीशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला होता. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग निघाली. या लीगमध्ये जागा मिळे ती मुख्यतः मोठी रक्कम भरून. खाली पडण्याची भीती नाही आणि खालून वर येण्याचा जिनाही नाही. गोव्यात या नव्या लीगसाठी एफसी गोवा हा संघ निघाला तेव्हा डेंपो आणि साळगावकर ही दोन्ही घराणी त्यात भागीदार होती, हा यातला विनोद म्हणायचा की दैव, ते वाचकांनीच ठरवावे. २०१६ मध्ये महासंघाने आराखडा मांडला, की सुपर लीग हीच देशातील अव्वल लीग राहील आणि आय-लीग तिच्या खाली जाईल. त्याचा निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि डेंपो हे गोव्याचे तिन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. पाच वेळा देश जिंकलेला क्लब गोव्याच्या स्थानिक लीगपुरता उरला.

मालकांची तक्रार रास्त होती, असे माझे मत आहे. ज्या शाळेत दहावी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊनही अकरावीला प्रवेश देणगीवरच मिळतो, त्या शाळेला आपण काय म्हणतो? तरीही त्यांच्या निर्णयाचा दुसरा भाग मला अजून खुपतो. निषेध केला तो मालकांनी, आणि मैदान सुटले ते पोरांचे. त्या वर्षी एकोणीस-वीस वर्षांचा जो बचावपटू होता, त्याला कुणी विचारले नाही. चाहत्यांनाही विचारले नाही. विचारायचे तरी कसे? त्यांची मते नोंदविणारी एखादी वही, एखादी सभा, एखादा सभासदांचा ठराव असे काहीच नव्हते. मामांचा ‘आमचा डेंपो’ हा शब्द प्रेमाचा होता, कायद्याचा नव्हता.

आणि डेंपो तरी जिवंत राहिला. १९६२ साली निघालेला मुंबईचा महिंद्र युनायटेड, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये कंपनीने बंद केला. कापड गिरणीचा फगवाड्याचा जेसीटी, पहिल्याच राष्ट्रीय लीगचा विजेता, २०११ मध्ये गेला. एका पत्रकाने क्लब संपतो. त्याची मिस्साही होत नाही.

या संदर्भात इंग्लंडमधील एका क्लबाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तोही लोखंडातूनच जन्मला. त्याचा इतिहास मी सेमिनरीच्या वाचनालयात प्रथम वाचला, आणि पुढे जमेल तसा त्याचा मागोवा घेत आलो. लंडनच्या पूर्वेला थेम्स नदीच्या काठी थेम्स आयर्नवर्क्स नावाचा जहाजे बांधण्याचा मोठा कारखाना होता. त्याचे मालक आर्नल्ड हिल्स हे विलक्षण गृहस्थ होते. दारूला शिवत नसत, मांस खात नसत. लंडनच्या शाकाहारी मंडळाचे ते पहिले अध्यक्ष. त्यांच्या कारखान्यात संपांचे दिवस येऊन गेले होते. कामगार आणि मालक यांच्यात सलोखा व्हावा म्हणून १८९५ मध्ये त्यांच्या आश्रयाने कारखान्याचा फुटबॉल क्लब निघाला. कामगारांनी वर्षाला अडीच शिलिंग वर्गणी द्यायची आणि खेळायचे. मालकाचा हेतू चांगला होता, आणि त्यात धोरणही होते. चांगल्या हेतूत थोडे धोरण असतेच. आपल्या संस्था काही त्याला अपवाद नाहीत.

१९०० साली हा कारखान्याचा क्लब मोडला आणि त्याच मंडळींनी भागभांडवल काढून वेस्ट हॅम युनायटेड हा स्वतंत्र क्लब उभा केला. चार वर्षांनी, १९०४ मध्ये, हिल्स यांनी दिलेले मैदानही सुटले आणि क्लब आपल्या पायांवर जवळच्या बोलिन मैदानावर गेला. १९१२ साली कारखाना बंद पडला. जहाजे गेली, भट्ट्या गेल्या, मालकाची संपत्ती गेली. क्लब राहिला. आजही त्याच्या चिन्हावर रिव्हेट ठोकण्याचे दोन हातोडे एकमेकांवर आडवे कोरलेले आहेत, आणि प्रेक्षक ‘आयर्न्स’ म्हणून ओरडतात. ज्या कारखान्याच्या नावाने ते ओरडतात तो त्यांच्या आजोबांपैकीही अनेकांनी पाहिलेला नाही.

या क्लबाने देशाची लीग कधी जिंकली नाही, हे लक्षात घ्यावे. वेम्ब्लीवरचा एफए चषकाचा पहिलाच अंतिम सामना त्यांनी १९२३ साली खेळला आणि हरले. त्या दिवशी एवढी माणसे लोटली, की पांढऱ्या घोड्यावरच्या एका पोलिसाने मैदान मोकळे केले, अशी त्या सामन्याची ख्याती आहे. १९६४, १९७५ आणि १९८० साली त्यांनी तो चषक जिंकला. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंडचा कर्णधार बॉबी मूर याच क्लबाचा, आणि अंतिम सामन्यातील इंग्लंडचे चारही गोल जेफ हर्स्ट व मार्टिन पीटर्स या त्याच्या सहकाऱ्यांचे. अलीकडे २००३ मध्ये संघ खालच्या वर्गात पडला, २००५ मध्ये वर आला. २०११ मध्ये पुन्हा पडला, २०१२ मध्ये पुन्हा वर आला. मधल्या काळात आइसलंडचे मालक आले, त्यांचे दिवाळे वाजले, दुसरे मालक आले. २०१६ मध्ये शंभरहून अधिक वर्षांचे मैदान सोडून क्लब ऑलिंपिकसाठी बांधलेल्या भव्य स्टेडियमवर गेला, तेव्हा जुने चाहते मनापासून दुखावले आणि पुढे त्यांनी मैदानातच निदर्शने केली. मग २०२३ च्या जूनमध्ये प्राग येथे फिओरेंतिनाला दोन विरुद्ध एक असे हरवून त्यांनी युरोपातील कॉन्फरन्स लीग जिंकली. तो त्रेचाळीस वर्षांनंतरचा पहिला मोठा चषक होता.

हे सारे गोडगोड नाही. तेथेही क्लब कागदोपत्री धनिकांचाच आहे, आणि आजच्या इंग्लिश फुटबॉलमधील पैशाचे आकडे वाचले की मला गरगरते. पण दोन गोष्टी त्यांच्याकडे आहेत. मालकाने क्लब जन्माला घातला, तरी पाच वर्षांत तो मालकाच्या अंगणातून बाहेर निघाला. आणि पडलेल्या संघाला खेळून वर येण्याचा जिना तेथे कायम उघडा राहिला. २०१२ मध्ये वर आलेल्या वेस्ट हॅमला कुणी दारात अडवून प्रवेश शुल्क मागितले नाही. २०१६ मध्ये वर आलेल्या डेंपोला मात्र खरी अव्वल लीग गाठायला खेळ पुरेसा नव्हता.

आपल्याकडे तो जिना २०२३ मध्ये प्रथम उघडला. त्या वर्षी आय-लीग जिंकणाऱ्या पंजाबच्या संघाला आणि पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगला मैदानावरच्या कामगिरीने सुपर लीगमध्ये जागा मिळाली. जिना उघडला आणि घराचेच छत गळू लागले. पंधरा वर्षांच्या त्या कराराचे नूतनीकरण ठरेना म्हणून २०२५ च्या जुलैमध्ये सुपर लीगच थांबविण्यात आली. २०२४-२५ च्या आय-लीगचा विजेता तर मैदानावर ठरलाच नाही. आधी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे नाव जाहीर झाले, मग स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने इंटर काशीच्या बाजूने निकाल दिला. चेंडू गोलात गेला की नाही हे पाहायला पंच असतात. हल्ली चेंडूनंतर वकील लागतात.

या धामधुमीत एक बातमी फारशी गाजावाजा न होता आली. डेंपो पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेत उतरला, २०२३-२४ च्या आय-लीग द्वितीय श्रेणीत दुसरा आला आणि २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. प्रशिक्षक होता समीर नाईक, त्याच पाच अजिंक्यपदांच्या काळातला बचावपटू. जुन्या गोव्याजवळ एला येथे क्लबाची अकादमी आहे, आणि राष्ट्रीय स्पर्धेबाहेर घालवलेल्या वर्षांत क्लबाने आपले बळ बरेचसे मुलांना घडविण्यात लावले. क्लिफर्ड मिरांडाही प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली ओडिशाच्या संघाने २०२३ चा सुपर कप जिंकला. मामा आता नाहीत. असते तर मी त्यांना हे सगळे मोठ्या अक्षरांत लिहून दाखविले असते.

माझ्या वसतिगृहातील मुलांना मी हा सारा इतिहास अधूनमधून, पाऊस फार झाला आणि पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद पडला की, सांगत असतो. त्यांना आकड्यांत गोडी नाही. त्यांचा प्रश्न सरळ असतो: “फादर, थ्या टीममंदी जाचं तं कसं जा लागते?” याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे म्हणजे गावच्या मैदानापासून सुरुवात करावी लागते, आणि गावात मैदान नाही. भात निघाल्यावर बांधीत खेळतात. रोवणी आली की खेळ बंद. इकडे कबड्डी आणि व्हॉलीबॉलचा जोर आहे, त्याचेही एक कारण हेच, की त्यांना जागा थोडी पुरते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या परिसरातील एका गावात खाणीच्या निमित्ताने बैठक झाली. गावाला काय काय हवे ते लिहून द्या, असे सांगण्यात आले. दवाखाना, पाण्याची टाकी, रस्ता, नोकऱ्या असे लिहिता लिहिता यादी दोन पानांची झाली. खाणीला विरोध असणारे लोकही त्या बैठकीला होते. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय. यादीच्या अगदी शेवटी, निराळ्या शाईने, मुलांनी ‘फुटबॉल ग्राउंड’ असे लिहिले होते. कुणी मोठ्यांनी ते खोडले नाही, याचे मला बरे वाटले.

मुले ती यादी मला दाखवायला घेऊन आली, तेव्हा मी त्यांना गोव्याची आणि लंडनची गोष्ट नव्याने सांगितली, आणि एकच दुरुस्ती सुचविली. मैदान द्या म्हणावे, गोलाचे खांब द्या म्हणावे, जाळीही द्या म्हणावे. पण जागा ग्रामसभेच्या नावावर हवी, आणि संघाचे नाव गावाचे हवे. आमच्याच जिल्ह्यात मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क लिहून मिळविला. तेव्हा नावावर असणे आणि नुसते वापरायला मिळणे यातला फरक इथल्या लोकांना मी शिकवावा असे काही नाही. गावाचे पाटील बाबा, सत्तरी उलटलेले, हे ऐकत बसले होते. ते म्हणाले, “फादर, डोंगर तं गेला. आता पोट्ट्यायच्या ग्राउंडचा कागद तरी आपल्याकडं राहू द्या.”

दुसरे दिवशी मुलांनी नवा कागद लिहिला. गावठाणाच्या पूर्वेला, हातपंपाच्या मागे, एक सपाट पडीक तुकडा आहे. कोपऱ्यात दोन मोहाची झाडे येतात, ती तोडायची नाहीत असे ठरले, म्हणून मैदान एका बाजूला जरा आखूड होईल. अर्ज तलाठ्याकडे दिला आहे. धानाची रोवणी आटोपल्याशिवाय मोजणी होणार नाही, असे त्याने सांगितले आहे. संघाच्या नावावरून मात्र मुलांत अजून भांडण चालू आहे.